जाबत्यातली एक ओळ

जाबता सरांच्या जागतिक इतिहासाच्या वर्गाचे नियम मी सुधारले. ते सुधारायला मला कोणी सांगितले नव्हते, फक्त उतरवून काढायला सांगितले होते. नियम एकूण सात होते. त्यांतला एक मी उलटा केला, एक गाळला आणि उरलेल्यांना शुद्धलेखनाची इस्त्री मारली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, ताजा बी.एड. झालेला होतो आणि माझे अक्षर सुंदर होते. या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की आसपासच्यांनी सावध राहावे.

सरांचे खरे नाव पगारपत्रकावर होते, पण शाळेत ते कोणी वापरत नसे. जाबता म्हणजे कायदेकानूंची यादी, निजामाच्या कचेऱ्यांतला शब्द. सर मूळचे नायगावचे, पण शिकलेले हैदराबादेत आणि तेही उर्दूतून. त्यामुळे फळ्यावर ते 'फ्रेंच राज्यक्रांती' लिहीत आणि तोंडाने 'फ्रान्सचा इन्किलाब' म्हणत. जूनमध्ये पहिल्या तासाला इतिहास शिकवायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. मुलांना वही उलटी करायला लावत आणि शेवटच्या पानावर जाबता सांगत. शेवटच्या पानावर का, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "आमची पुस्तकं तिकडूनच चालू व्हायची. तुमचं शेवटचं पान ते आमचं पहिलं." मग त्या पानाखाली बापाची सही किंवा अंगठा आणायचा, आणि शेजारी सर स्वतः सही करायचे. "नुसतं पोरानं पाळायचं असतं तर त्याला हुकूम म्हणलो असतो," ते सांगत. "दोघांची सही हाय. म्हणजे करार हाय."

पहिला नियम उशिराचा. सरांच्या शब्दांत तो असा होता: 'उशीर झाला तर दारात उभं राहायचं न्हाई. गुमान आत यायचं, बसायचं. तास संपल्यावर कारण सांगायचं. खरं असलं तर माफ. खोटं असलं तर युरोपचा नकाशा, हातानं, नद्यांसकट.' ज्याला स्वतःच्या उशिराचे कारण धड सांगता येत नाही, त्याला महायुद्धाची कारणे काय विचारायची, असे त्यांचे म्हणणे. मुले सुरुवातीला खोटे बोलत. म्हैस व्याली हे सर्वांत लाडके कारण होते. एका पोराची म्हैस एकाच सहामाहीत तिसऱ्यांदा व्याली, तेव्हा सरांनी त्याला नकाशा तर दिलाच, वर म्हणाले, "त्याच्यात तुझ्या म्हशीचं गाव बी दाखव. सगळा वर्ग बघायला जाऊ." हळूहळू खरी कारणे येऊ लागली. खरे कारण सांगायला पोर आले की सर खुर्चीतून उठून उभे राहत. का उठत, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

उत्तरात 'असे म्हणतात' लिहायला बंदी होती. "कोण म्हणतं? त्याचं नाव लिही. आन् तसं म्हणण्यात त्याचा फायदा काय, ते बी लिही." सनावळी चुकली तर अर्धा गुण जाई, कारण चुकले तर दोन. गाईड आणायला मनाई नव्हती, पण देवळाबाहेर चप्पल ठेवावी तसे ते टेबलावर ठेवायचे आणि जाताना घेऊन जायचे. वही नसली तर पाटी चालेल, पाटी नसली तर कान, हाही एक नियमच होता. स्टाफरूममध्ये या जाबत्याची चेष्टा चालायची. सर्वांत मोठ्याने मी हसायचो, कारण मी सर्वांत नवा होतो आणि मोठ्या माणसांत बसायची मला घाई होती.

सहावा नियम असा होता की मास्तर चुकला तर हात वर करायचा, आणि चूक खरी निघाली तर नकाशा मास्तरांनी काढायचा. हा नियम मी पुस्तकी थट्टा समजत होतो. मग एके दिवशी डॅन्यूब नदी कास्पियन समुद्राला मिळते, असे सर बोलून गेले आणि दहावीतल्या गिरजाने हात वर केला. "सर, नकाशात तर काळ्या समुद्राला मिळून राहिली." सरांनी नकाशाजवळ जाऊन नदीवरून बोट फिरवले. "हाव. काळ्यालाच मिळती." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शेवटच्या बाकावर बसून नकाशा काढत होते. गिरजाने तो तपासला, ऱ्हाईन नदी फारच जाड झाली आहे असे सांगितले, आणि खाली 'ठीक' असा शेरा लिहिला. सरांनी तो नकाशा बरेच दिवस कपाटाला चिकटवून ठेवला होता.

ही गिरजा दोन कोसांवरच्या वाडीतून चालत यायची. गळ्यात लिंग, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. फ्रान्समध्ये बाया भाकरीसाठी राजाच्या महालावर चालून गेल्या, असे सर शिकवत होते तेव्हा तिने विचारले होते, "त्यांच्याकडं पाणी होतं का, सर?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "होतं. म्हणून तर एवढं लांब चालू शकल्या."

तिच्या बापाला तिला नववीनंतरच काढायचे होते. पाऊस झाला नव्हता, वाडीच्या विहिरीला तळ लागला होता, आणि घरचे पाणी भरायचे काम गिरजावर आले होते. टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि मग बाया-पोरींची झुंबड उडायची. टँकरला वेळ नव्हती, शाळेला होती. सर वाडीवर गेले, बापाच्या शेजारी घोंगडीवर बसले आणि जाबता वाचून दाखवला. "आप्पा, पोरगी पाणी भरून येऊ द्या. उशीर झाला तर माझ्या वर्गात ती आतच बसंल. लिहिलंय हे." आप्पाला वाचता येत नव्हते. त्याने शेजारच्याकडून तीच ओळ पुन्हा वाचवून घेतली आणि मग अंगठा दिला. ठरले असे की शाळा जोवर तिला आत घेईल तोवर ती शिकेल. ही हकीकत सरांनी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा मी तिथेच होतो. मी त्या वेळी रद्दी कागदावर माझी सही निरनिराळ्या वळणांनी करून बघत होतो.

माझ्या अकलेचा आणखी एक दाखला देऊन पुढे जातो. त्याच टंचाईत मी नववीला औद्योगिक क्रांती शिकवत होतो. वाफेची शक्ती दाखवावी म्हणून शाळेच्या पिण्याच्या माठातले तांब्याभर पाणी मी स्टोव्हवर किटलीत उकळले आणि त्याची वाफ करून टाकली. झाकण मस्त उडत होते. मुले किटलीकडे अशी बघत होती की मला वाटले, मी फार रंगून शिकवतो आहे. सरांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "अर्धापूरकर, तुमच्याकडं केळीला पाट वाहत असतील. हितं वाफ दाखवायची तर पोरांना तोंडं उघडी ठेवायला सांगा. थोडं तरी परत येईल."

आता भिंतीची गोष्ट.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, म्हणून जीप नव्या, साहेब नवे, आणि प्रत्येकाला नवीन काहीतरी बघायचे असे. आमच्या तालुक्याच्या शाळेत एक साहेब येणार असे ठरले. ते कोणत्या खात्याचे होते, हे मला अजूनही नीट ठाऊक नाही. मुख्याध्यापकांनी फर्मान काढले की प्रत्येक वर्गाबाहेर भिंतीवर त्या विषयाच्या 'अपेक्षा व नियम' रंगवायचे. बाकीच्या शिक्षकांकडे लिहिलेले नियम नव्हतेच. सरांकडे होते, पण सर नव्हते. त्यांची नेमणूक जनावरांच्या छावणीवर झाली होती. जाताना त्यांनी जाबत्याची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जसाच्या तसा उतरवा. नुक्ता बी हलवू नका." छावणीवरून त्यांचे कार्ड आले: 'बैलांची हजेरी घेऊन राहिलो. अजून एकानेही खोटे कारण सांगितलेले नाही.' ते मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवले आणि सगळ्यांना हसवले.

आणि मग मी ब्रश घेतला. एका रविवारी दुपारी, ऑइलपेंटचे दोन डबे, पांढरा आणि निळा. आजही ती दुपार आठवली की हात धुवावेसे वाटतात. साहेबाने वाचायच्या भिंतीवर 'गुमान आत यायचं' कसे लिहायचे? 'पाटी नसली तर कान' वाचून साहेब काय म्हणतील? मास्तर चुकतो, हे भिंतीवर लिहून कोणत्या शाळेची शोभा वाढली आहे? तो नियम मी गाळला. आणि पहिल्या नियमाच्या जागी लिहिले: 'उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास वर्गात प्रवेश दिला जाणार नाही.' हे वाक्य मला फार आवडले. त्यात वजन होते. मला गिरजा आठवली नाही असे मी म्हणणार नाही. आठवली होती. भिंतीवरचे भिंतीवर राहील आणि ती आपली आत येत राहील, असे मी धरून चाललो. लिहिलेली गोष्ट कोणी खरी मानते, हे शाळामास्तर असून माझ्या ध्यानात आले नाही. मुख्याध्यापकांनी भिंत वाचली, दोन पावले मागे जाऊन पुन्हा वाचली आणि म्हणाले, "याला म्हणतात शिस्त."

साहेबांच्या दिवशी मैदानाची धूळ बसावी म्हणून सकाळीच टँकर बोलावला होता. भर दुष्काळात आमच्या मैदानावर टँकरभर पाण्याचा सडा पडला. हा टँकर एरवी सकाळी केव्हातरी वाड्यांवर जायचा. त्या दिवशी आधी आमच्याकडे आला आणि मग वाड्यांवर गेला. हे वाक्य मी इतक्या शांतपणे लिहितो आहे त्याचे मलाच नवल वाटते. तेव्हा मी त्या सड्यावरून बूट न भिजवता कसे चालायचे, याची काळजी करत होतो.

दहावीच्या वर्गाबाहेर साहेब भिंत वाचत उभे होते, शेजारी मुख्याध्यापक आणि त्यांच्या मागे मी, दाद घ्यायच्या तयारीत. वर्ग माझ्याकडेच होता. तेवढ्यात ओल्या मैदानावरून गिरजा आली. तिने पायाखाली बघितले, आमच्याकडे बघितले आणि नेहमीसारखी गुमान दारातून आत जाऊ लागली.

साहेबांनी भिंतीवरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. "हा नियम आहे ना तुमचा?"

"हो सर."

"मग?"

मी म्हणालो, "गिरजा, बाहेर थांब."

"सर, कारण सांगू का?"

"कारण नको," मी म्हणालो.

जागतिक इतिहासाच्या वर्गाच्या दारात, सगळ्या मुलांदेखत, मी म्हणालो की कारण नको. साहेबांना ते पटले. त्यांनी माझे नाव विचारले आणि अक्षराची स्तुती केली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापकांनी दारात शिपाई उभा केला, कारण साहेब पुन्हा कधीही येऊ शकतात. गिरजा चार दिवस आली. तास होईपर्यंत उन्हात उभी राहायची आणि घंटा झाली की मी बाहेर पडताना माझ्याकडे बघायची. जाबत्याप्रमाणे तास संपल्यावर कारण सांगायचे असते. मी रोज वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून, कुणीतरी मागे लागल्यासारखा स्टाफरूमकडे जायचो. पाचव्या दिवशी ती आली नाही. कॅटलॉगमध्ये मी तिच्यापुढे गैरहजेरीची खूण केली. तिरकी, नीटस खूण.

महिन्याभराने सर परतले. कपड्यांना कडब्याचा वास येत होता. ते भिंतीपाशी उभे राहून वाचू लागले. मराठी ते सावकाश वाचत, ओळीखाली बोट धरून. शेवटपर्यंत वाचून ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, सर."

"आन् अक्कल?"

सरांनी भिंतीवरचे बोट काढले.

"अर्धापूरकर, तिकडं फ्रान्सात एक राजा हलवायला त्या लोकांना किती वर्सं लागली, माहीत हाय ना? तुम्ही एका दुपारी एक ओळ हलवली. पोरगी कुठाय?"

मला माहीत नव्हते. शाळेत कोणालाच माहीत नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. सर ओरडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी स्टाफरूमच्या दारातून शिपायाला हाक मारली आणि दोन सायकली मागवल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा आप्पा ओसरीवर लिंगपूजेला बसला होता. तळहातावर लिंग, कपाळावर विभूती, पुढ्यात वाटीभर पाणी. पूजा होईपर्यंत आम्ही थांबलो. गिरजाने तांब्याभर पाणी आणून ठेवले आणि दाराआड गेली. मी तहानेने कासावीस झालो होतो, घटाघटा सगळे प्यालो. तांब्या खाली ठेवल्यावर पाहिले, सरांनी अजून घोट घेतला नव्हता आणि आता घ्यायला काही उरले नव्हते.

आप्पाने आवाज चढवला नाही. "गुरुजी, कागदावर मी अंगठा दिला. तुमी बी सही केली. मग भिंतीवर दुसरंच कसं आलं?"

सर म्हणाले, "चूक माझी हाय, आप्पा. मी काम दुसऱ्याच्या हाती दिलं."

तो दुसरा मी शेजारीच बसलो होतो. त्या क्षणी माझे नाव घ्यायला मला कोणी अडवले नव्हते. मी घोंगडीच्या दशा मोजत होतो.

"चार रोज उन्हात उभी ऱ्हायली पोरगी," आप्पा म्हणाला. "पाचव्या रोजी मीच म्हनलं, बास. शाळाच घ्येत न्हाई तर वाडीला काय सांगू, कुठं जाती ही? भोकरकडचे पाव्हणे आले हुते. सुपारी फुटली."

"पोरीचं वय न्हाई, आप्पा. कायद्यात बसत न्हाई."

"कायदा बी भिंतीवरच लिहिलाय का, गुरुजी?"

आम्ही उठलो तेव्हा दाराआडून गिरजा म्हणाली, "सर, पहिलं महायुद्ध ऱ्हायलं." सर म्हणाले, "शिकवतो. येतो मी." आणि सायकलवर बसायच्या ऐवजी ती हातात धरून वाडीच्या बाहेरपर्यंत चालत आले. पोलीस पाटलाकडेही आम्ही गेलो. त्याने आदराने बसवले, सगळे ऐकून घेतले आणि खिशातून लग्नाची पत्रिका काढून दिली. 'आपले विनीत' याच्याखाली पहिले नाव त्याचेच होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सर रॉकेलचे बोळे घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. ऑइलपेंट निघेना. मी रंगाला वरून वार्निश मारले होते, टिकावे म्हणून. मग त्यांनी विटेचा तुकडा घेतला. मुख्याध्यापक धावत आले. "सर, हे वरून आलेलं आहे."

"वरून आलं असतं तर वर विचारायला गेलो असतो," सर म्हणाले. "हे अर्धापूरहून आलंय." आणि घासत राहिले. पहिली ओळ गेली तेवढे त्यांना पुरे होते. उरलेली भिंत त्यांनी तशीच ठेवली.

त्यांना मेमो मिळाला. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, जी ते कोणाला देत नसत. "तुम्ही फक्त उतरवलंत ना? मजकूर त्यांचाच होता, असं दोन ओळीत लिहून द्या. विषय मिटतो." मी लिहून दिले नाही. पण नाही असेही म्हणालो नाही. पोट दुखते म्हणून चार दिवस अर्धापूरला जाऊन राहिलो आणि केळी खाल्ली. परत आलो तेव्हा सरांनी मला रजेचे कारण विचारले नाही. म्हैसवाल्या पोरालाही त्यांनी निदान नकाशा दिला होता. मला तेवढ्याही लायकीचे समजले नाहीत.

मेमोला सरांनी उत्तर दिले ते एका वाक्यात. 'सदर ओळ माझ्या सहीच्या करारात नव्हती, सबब पुसली.' त्यावर पुढे काही झाले नाही, कारण ते उन्हाळ्यात निवृत्त होणारच होते. फक्त त्यांचा निरोप समारंभ झाला नाही. मेमोवाल्या माणसाला हार कसा घालायचा, असे मुख्याध्यापक म्हणाले आणि आम्ही अठरा शिक्षकांनी माना डोलावल्या. अठरावा मी.

एसटी स्टँडवर मी गेलो होतो. त्यांची ट्रंक टपावर चढवली. खिडकीतून ते म्हणाले, "तुम्ही पुढं मुख्याध्यापक व्हाल. दिसून राहिलंय. मग नियम लिहाल. लिहा, पण आधी दारात जाऊन उभं ऱ्हा थोडा वेळ. उन्हाच्या बाजूनं."

मी म्हणालो, "सर, मला माफ करा."

"मला काय मागता?" ते म्हणाले. गाडी सुटली.

निवृत्तीनंतर सरांनी गिरजाचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे तिला बाहेरून दहावीला बसता यावे म्हणून. नायगावहून भोकरला जाऊन ते तिला शिकवत. सासरा त्यांना चहा पाजत असे, ऐकून घेत असे. परीक्षेच्या आठवड्यात शेतात हरभरा काढणीला आला. "आधी हरभरा, मग इंग्लंड-फ्रान्स," सासरा म्हणाला. पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा फॉर्म भरला. पुन्हा हरभरा आला. हे सगळे मला सरांच्या पत्रांतून कळत होते. मी उत्तरे पाठवत होतो, चांगल्या कागदावर. नायगाव मला लांब नव्हते, भोकरही नव्हते. मी दोन्हीकडे गेलो नाही.

मी मुख्याध्यापक झालो, नांदेडच्या बाजूला. माझ्या शाळेत उशिरा येणारे पोर आत बसते आणि तास संपल्यावर कारण सांगते. शिक्षक मागून हसतात, ते मला ऐकू येते. पोर कारण सांगत असते तेव्हा मी उभा राहतो. एका पोराने मागच्या वर्षी सांगितले, "सर, आई कामावर गेली, धाकटीला कोण बघणार?" तेव्हा पहिल्यांदा कळले की सर का उठत असत. बसून ऐकणे शक्यच नव्हते.

सर गेल्याचे पत्र त्यांच्या मुलाने धाडले. नायगावला गेलो आणि तिथून, इतक्या वर्षांनी, भोकरची गाडी धरली. काय बोलायचे ते रस्ताभर मनात जुळवत होतो. भाषण बरे जमले होते.

गिरजाचे घर सापडले. अंगणात ती शेंगा निवडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, गळ्यात तेच लिंग. सरांची बातमी सांगावी म्हणून मी तोंड उघडले, तर म्हणाली, "माहीत हाय. मी परवाच नायगावला जाऊन आले." तिने चहा केला. मी कप हातात घेऊन सुरुवात केली, "गिरजा, त्या वर्षी मी जे..."

"चहा घ्या. गार होऊन राहिला."

मी चहा घेतला. आतून खाटेवरून तिच्या सासूने विचारले, "कोन आलंय गं? तुझे सर हायती का?"

"न्हाई वो," गिरजा शेंगा निवडता निवडता म्हणाली. "शाळेच्या भिंती रंगवायचे, ते."